अर्धवट गेम, पप्पांचे ब्लो होल आणि ‘नाळे बा’

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. इथं स्वीडनमध्ये, माल्मोत, तेव्हा दुपारी चारच्या आतच अंधार पडतो, आणि मी ऑफिसात डिस्कॉर्डवरचे, म्हणजे आमचा गेम खेळणारे जिथं गप्पा मारतात त्या ॲपवरचे, मेसेज वाचत बसले होते, एकामागून एक, सगळे चिडलेले. मी इथल्या एका छोट्या गेम स्टुडिओत कम्युनिटी मॅनेजर आहे, म्हणजे गेम बनवणारे आणि खेळणारे यांच्या मधली माणूस, दोन्हीकडचं ऐकायचं आणि दोन्हीकडं सांगायचं. आई अजून शेजारच्या काकूंना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगते, त्यामुळे म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं की मी इथं नेमकं काय करते.

तर त्या दिवशी तक्रारींची यादी चाळताना एक तिकीट दिसलं, नऊ दिवस जुनं. इंग्रजीत दोनच ओळी होत्या, मराठी अक्षरांत लिहायच्या तर अशा: ‘लाईट गॉन सर. आफ्टर दॅट सेव्ह गॉन. फॉर्टीवन अवर्स.’ आमच्या टीममधल्या कुणीतरी ते वाचून त्याला ‘लायटिंग’चं लेबल लावलं होतं आणि ग्राफिक्सवाल्याकडं पाठवलं होतं. त्यानं गेममधले सगळे दिवे, सावल्या तपासल्या, काही सापडलं नाही, म्हणून ‘माहिती अपुरी’ असं लिहून बाजूला ठेवलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याच्या आयुष्यात लाईट ‘जात’ नाही. मी वाचल्या वाचल्या खुर्चीतून उठलेच. लाईट गेली! हे वाक्य आपल्या भागातलाच माणूस लिहिणार.

मी सरळ मराठीत विचारलं, कुठला रे तू? दोन मिनिटं काहीच नाही, मग उत्तर आलं, ‘निपाणी. तुम्हाला मराठी येतं सर?’ म्हटलं मी सर नाही, आणि मी बेळगावची, टिळकवाडीची. त्यावर नुसतं ‘ताईईई’ असं आलं, आणि मग पोरगा जे बोलायला लागला ते थांबेचना. पॉलिटेक्निकला आहे, मामेभावाचा जुना लॅपटॉप वापरतो, त्याची बॅटरी कधीच मेलेली त्यामुळे चार्जर लावूनच चालतो, म्हणजे लाईट गेली की लॅपटॉप तिथल्या तिथं बंद. गेम सेव्ह होत असताना, म्हणजे खेळ कुठवर आलाय ते साठवलं जात असताना, लाईट गेली, परत चालू करून बघतो तर सेव्हची फाईल आहे खरं, पण तिचा साइज शून्य. ४१ तास खेळून बांधलेलं सगळं गेलं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचा गेम अजून पूर्ण झालेला नाही, तरी तो विकत मिळतो, याला अर्ली ॲक्सेस म्हणतात. घराचं प्लास्टर चालू असतानाच राहायला जायचं, तसं. भाडं थोडं कमी, धूळ जास्त, आणि ही खिडकी इथं नको तिथं पाहिजे असं गवंड्याला सांगायची सोय. स्टीम म्हणजे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, त्यांनी हा प्रकार २०१३ च्या मार्चमध्ये सुरू केला, पण त्याच्या आधीच, २००९ मध्ये, स्टॉकहोममधून माइनक्राफ्ट हा गेम असाच अर्धवट असताना विकायला लागले होते आणि पूर्ण आवृत्ती आली २०११ च्या नोव्हेंबरात. पोरांना माइनक्राफ्ट माहीत असतंय, हे माहीत नसतंय.

स्टीमवर असा गेम ठेवायचा तर बनवणाऱ्याला विक्रीच्या पानावर काही प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. अर्धवट का विकताय, अंदाजे किती दिवस लागणार, आत्ता गेम कुठल्या अवस्थेत आहे, पूर्ण झाल्यावर काय वेगळं असेल, किंमत बदलणार काय, आणि खेळणाऱ्यांना यात कसं सामील करून घेणार. घेणाऱ्यालाही सांगितलेलं असतं की आत्ता जे आहे ते आवडलं तरच घ्या, पुढं काय येईल त्यावर पैसे लावू नका. आवडला नाही तर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. आता ४१ तास खेळलेल्या पोरानं काय करायचं? त्याच्याकडं आमच्याशी बोलण्याशिवाय दुसरा रस्ताच नव्हता, आणि आम्ही बोलतच नव्हतो.

ते का, तेही सांगते, कारण एकांगी लिहायचं नाही. सेव्ह जात आहेत हे आम्हाला त्या दिवसाच्या आठवडाभर आधीपासून माहीत होतं, फक्त कारण सापडत नव्हतं. आणि स्टुडिओत ठरलं होतं की दुरुस्त झाल्यावरच बोलायचं. यामागं वाईट हेतू नव्हता, भीती होती. अर्ली ॲक्सेसमध्ये तुमचा शब्द न् शब्द लोक धरून ठेवतात. इथून काही तासांवर शोव्दे म्हणून गाव आहे, तिथल्या छोट्या टीमनं व्हॅल्हाइम नावाचा गेम असाच अर्ली ॲक्सेसमध्ये काढला, २०२१ च्या फेब्रुवारीत, पाचेक माणसं, आणि महिन्याभरात पन्नास लाख प्रती गेल्या. त्यांनी त्या वर्षासाठी चार मोठे अपडेट जाहीर केले होते. वर्षभरात एकच आला, सप्टेंबरात, आणि त्या यादीतलं मिस्टलँड्स यायला २०२२ चा डिसेंबर उजाडला. एवढ्या लोकांनी खेळल्यावर बग, म्हणजे गेममधल्या चुका, किती निघतील याचा आधी अंदाज कुणाला असणार? पण लोकांनी ती यादी जपून ठेवली होती. अशा गोष्टी बघून आमच्याकडचे लोक तोंड उघडायलाच घाबरायचे. आणि जिथं बोलायलाच लागायचं तिथं एक शब्द ठरलेला: लवकरच.

त्या रविवारी पप्पांचा व्हिडिओ कॉल आला. जेवलीस काय, थंडी किती आहे, झालं. मग म्हणाले, चेहरा का उतरलाय गे? मी सगळं सांगितलं, त्यांना गेममधलं काही कळत नाही, तरी सांगितलं.

आमचं बेळगावात उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन. फाउंड्रीतनं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला धातूचा भाग, येणार, पप्पा ते टर्निंग करून, म्हणजे लेथवर कापून मापात आणून, पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, देणार, एवढाच धंदा, तीस वर्षं. कास्टिंगची गंमत अशी की वरून ते अगदी गुळगुळीत, छान दिसतं. टूल लावून पहिला कट मारला की आतलं दिसतं. कधी कधी आत हवेचं भोक असतं, ब्लो होल म्हणतात त्याला, मसुराएवढं काळं भोक, की जॉब रिजेक्ट. लहानपणी शाळेतून तिकडं गेले की पप्पा तो जॉब माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, बोट लावून बघ. गरम असायचा अजून, कूलंटचा वास, आणि बोटाला ते भोक लागायचं.

पप्पा म्हणाले, ब्लो होल निघाला की मी काय करतो, आठवतंय काय? आठवत होतं की. त्याच दिवशी संध्याकाळी टेबलावरचा काळा फोन उचलायचे, वही समोर, आणि पार्टीला स्वतः फोन. पार्टी कोल्हापूरची असली तर मराठीत, हुबळीची असली तर कानडीत, पण बोलणं तेच. ‘साहेब, चाळीसातले अकरा गेले, ब्लो होल आहेत, कास्टिंग परत पाठवलंय. एकोणतीस तयार आहेत, उद्या पाठवतो. बाकीच्यांचं नवीन कास्टिंग कधी येणार ते गुरुवारी कळतंय, गुरुवारी परत फोन करतो.’ आणि गुरुवारी, कास्टिंग आलेलं असो नसो, फोन जायचाच. ‘अजून आलं नाही साहेब’ हे सांगायला सुद्धा. मला तेव्हा वाटायचं, सांगायला काही नाही तर फोन कशाला? पप्पा म्हणाले, अगं पार्टीचीपण पुढं पार्टी असते की, त्यालापण कुणाला तरी सांगायचं असतंय.

हे वाक्य मी लिहून ठेवलं. निपाणीच्या पोराचीही पुढं पार्टी होती. त्यानं त्याच्या तीन मित्रांना हा गेम घ्यायला लावला होता, आणि ते त्याला रोज विचारत होते, काय झालं रे तुझ्या गेमचं?

सोमवारी मीटिंगमध्ये मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे ‘लाईट गेली’ याचा अर्थ सांगितला. आमचा मुख्य प्रोग्रामर मिनिटभर गप्प बसला आणि मग म्हणाला, म्हणजे लिहिता लिहिता मशीन बंद पडतं? इतके दिवस ते लोक क्रॅश, म्हणजे गेम आपोआप बंद पडतोय काय ते, शोधत होते, आणि गेम क्रॅश होतच नव्हता. आमचा गेम जुन्या सेव्हवरच नवीन सेव्ह लिहीत होता, आधी जुनं पुसायचं, मग नवीन लिहायचं, आणि मधल्या क्षणी वीज गेली की जुनंही नाही नवीनही नाही. उपाय साधा निघाला: नवीन सेव्ह आधी वेगळ्या तात्पुरत्या फाईलमध्ये पूर्ण लिहायचं, ते खरोखर डिस्कवर उतरलं याची खात्री करायची, मगच नाव बदलून जुन्याच्या जागी बसवायचं, आणि जुनं एक मागं ठेवायचं. निपाणीतल्या दोन ओळींनी आठवड्याभराचं कोडं सोडवलं, आणि त्या ओळी नऊ दिवस चुकीच्या खणात पडून होत्या.

दुसरी गोष्ट, ‘लवकरच’. फिकाच्या वेळी, म्हणजे इथला कॉफीचा ब्रेक, मी त्यांना ‘नाळे बा’ सांगितलं. तुम्हाला माहीतच आहे, नव्वदच्या दशकात कर्नाटकात गावोगावी दारांवर लिहिलेलं असायचं, नाळे बा, उद्या ये. रात्री भूत येऊन घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं, दारावरचं वाचतं, उद्या ये म्हणून परत जातं, आणि दुसऱ्या रात्री परत तेच वाचतं. मी म्हटलं, आपण आपल्या दारावर हेच लिहिलंय. आणि बाहेर उभी आहेत ती भुतं नाहीत, पैसे देऊन आलेली माणसं आहेत. कोपनहेगनहून रोज पूल ओलांडून ट्रेननं येणारी एक सहकारी आहे (तो पूल २००० साली झाला, आपली माणसं जशी कोल्हापूरला जातात किंवा चंदगडची बाजाराला बेळगावात येतात तसंच इथं दोन देशांत चालतं), ती उठली आणि रोडमॅपवरचा, म्हणजे पुढं काय काय करणार त्या जाहीर यादीतला, ‘लवकरच’चा रकानाच काढून टाकला. आता तीन रकाने आहेत: करतोय, पुढचं, आणि अजून ठरलेलं नाही.

संध्याकाळी मी पोस्ट लिहिली, पप्पांच्या फोनसारखी. काय तुटलंय, कुणाचं, कशामुळं. आमची चूक आहे. दुरुस्ती सापडलीय, तपासणी चालू आहे. तोवर सेव्हचा फोल्डर रोज एकदा दुसरीकडं कॉपी करून ठेवा, तो कुठं असतो ते असं असं. गेलेलं सेव्ह आम्ही परत आणू शकत नाही, हेही लिहिलं, आणि हे वाक्य काढ म्हणून मला दोघांनी सांगितलं होतं, मी काढलं नाही. शेवटी, गुरुवारी परत लिहिते, झालं असलं तरी आणि नसलं तरी.

सगळे खूश झाले असं नाही. काहींनी वाईट रिव्ह्यू तसेच ठेवले आणि ते बरोबरच आहे, त्यांचे तास गेलेत. पण भांडण करणाऱ्यांतलेच चार-पाच जण गुरुवारपासून नवीन आलेल्यांना फोल्डर कसा कॉपी करायचा ते समजवायला लागले, मला मध्ये पडायलाच लागलं नाही. गुरुवारी दुरुस्ती झाली नव्हती. तरी लिहिलं.

मला आता प्रागच्या फॅक्टोरिओ गेमवाल्यांचं फार कौतुक वाटतं. २०१३ पासून ते शुक्रवारी लिहीत आले, फ्रायडे फॅक्ट्स नावानं, कधी एका कन्व्हेअर बेल्टच्या हिशोबावर पानभर, कधी जमलं नाही म्हणून. पूर्ण आवृत्ती आली २०२० च्या ऑगस्टमध्ये, सात वर्षं लोक दर शुक्रवारी वाट बघायचे. सबनॉटिका गेमवाल्यांनी तर कामाचा बोर्डच लोकांना उघडा ठेवला होता, आणि गेममध्येच एफ-८ दाबलं की थेट अभिप्राय पाठवता यायचा. आमच्या गेममध्येही तसं बटण आलंय आता, आणि त्यात मी एक गोष्ट हट्टानं घालून घेतली, ‘तुमच्या भाषेत लिहा’. दोन भाषांच्या मध्ये वाढलेल्या माणसाला माहीत असतंय की राग आला की कुणाला परक्या भाषेत नीट सांगता येत नाही. मराठी आणि कानडी मी वाचते, बाकीचं भाषांतर करून घेतो, आणि शंका आली तर त्या माणसालाच परत विचारतो.

दुरुस्ती आली तेव्हा सगळ्यांना देण्याआधी आम्ही ती थोड्या लोकांना तपासायला दिली, त्यात निपाणीचा पोरगा होता. इथं साडेतीन वाजले होते, तिकडं आठ. त्यानं व्हिडिओ पाठवला. सेव्ह चालू होतं, स्क्रीनवर ते गोल फिरायला लागतं, आणि हा उठून घराचा मेन स्विच खाली ओढतो. अंधार. परत वर, लॅपटॉप चालू, गेम उघडतो, सेव्ह जागेवर. असं सहा वेळा. चौथ्या वेळेपासून मागून त्याच्या आईचा आवाज यायला लागला, अरे काय करालास, फ्रिज जळेल की रे! आमच्या अख्ख्या ऑफिसनं तो व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर बघितला, आणि मला विचारलं, ती काय म्हणतेय? मी सांगितलं.