“डॉक्टर, गड कधी चढू?”

कॅन्सरचं निदान झाल्याचा पहिला धक्का ओसरला, उपचारांची घडी बसली, की ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. नाशिकमध्ये तो साधारण असा असतो: “तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी आहे, जाऊ का?” किंवा “वणीला पायी जायचा नवस बोललेय, कधी फेडू?” तरुण पेशंट असेल तर थेट हरिहर. यावर “आता आराम करा” हे उत्तर द्यायला सोपं आणि बहुतेक वेळा चुकीचं. कॅन्सरचा डॉक्टर स्वतः गडांवर फिरणारा असेल, तर त्याने याहून नेमकं उत्तर द्यायला हवं: कोणता गड, उपचाराच्या कितव्या दिवशी, पायात काय, पाठीवर काय.

आधी डॉक्टरच्या बाजूने. सोमवार ते शनिवार डे-केअर, ओपीडी, राउंड, एक संध्याकाळ ट्यूमर बोर्ड, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांनी मिळून पेशंटचे उपचार ठरवायची बैठक. उरतो रविवार. आपलं भाग्य असं, की रामशेज, अंजनेरी, हरिहर सगळे शहरापासून तास-दीड तासाच्या आत. पहाटे साडेचारला निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी. साल्हेर किंवा धोडपला पूर्ण दिवस धरावा लागतो आणि अलंग-मदन-कुलंगला दोन-तीन दिवस व दोर, म्हणजे रीतसर रजा. अडचण वेळेची नसते, रेंजची असते. खिंडीत शिरलं की फोन मुका.

किमोच्या दहाव्या दिवशी ताप आलेल्या पेशंटला दवाखान्यात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस जायला हवा. म्हणून गडावर जाणाऱ्या डॉक्टरची खरी तयारी शुक्रवारी दुपारी सुरू होते. जबाबदारी घेणाऱ्या सहकाऱ्याला “सगळे ठीक आहेत” एवढं सांगून भागत नाही. प्रत्येक नाजूक पेशंटमागे एक ओळ: आजार, औषध, आज किमोच्या सायकलचा (औषधाच्या एका फेरीचा) कितवा दिवस, रक्तपेशींचा शेवटचा काउंट, पोर्ट (किमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी) आहे का, कशाची अ‍ॅलर्जी, नातेवाइकांना काय सांगून ठेवलंय. हे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळं होऊ नये. फोनवर बोलून समोरच्याकडून वाचून घ्यावं. चूक होते ती पुढच्या पायरीवर. घरच्यांकडे नंबर डॉक्टरचाच असतो, तो “कव्हरेज क्षेत्राबाहेर” लागतो, आणि “सकाळी बघू” म्हणून रात्र जाते. ती रात्र जिवावर बेतू शकते. सहकाऱ्याचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून द्यायचा आणि घरच्यांना तिथेच एकदा लावून बघायला सांगायचा.

आठवड्याचा सराव म्हणाल तर पहाटे गंगापूर धरणाच्या रस्त्याला सायकल आणि दवाखान्यात लिफ्ट बंद. या शहरात डॉक्टर आणि सायकल हे नातं जुनं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली होती.

आता पेशंटकडे. चालण्याने बरं वाटतं, एवढ्यापुरती ही गोष्ट उरलेली नाही. २०२५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचं ऑपरेशन आणि किमो झालेली. निम्म्यांना व्यायामाची माहितीपुस्तिका दिली, निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शकासह ठरवून व्यायाम. आठ वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण पुस्तिका गटात ८३.२ टक्के, व्यायाम गटात ९०.३ टक्के. त्या लोकांनी काही डोंगर सर केले नव्हते. नेहमीच्या हालचालीवर आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपझप चालणं, साधारण तेवढीच ती भर होती. गड ही त्याच्या वरची पायरी.

किमो चालू असताना सगळं ठरतं ते काउंटवर. २१ दिवसांच्या सायकलमध्ये पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात तळाला जातात. त्या दिवसांत गड नाही, गर्दीची यात्रा तर मुळीच नाही. तिसऱ्या आठवड्यात सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी करून न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या वर, हिमोग्लोबिन १० च्या आसपास आणि प्लेटलेट एक लाखाच्या वर असतील, तर छोट्या चढाला माझी हरकत नसते. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर पडण्याची शक्यता असलेली कुठलीच वाट नको; एरवी खरचटण्यावर भागणारी घसरण तेव्हा महागात पडते. टाक्यातलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी प्यायचं नाही, घरून उकळून न्यायचं. आणि थर्मामीटर सॅकच्या वरच्या कप्प्यात. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसलं की तिथूनच माघारी. क्रोसिन घेऊन माथा गाठायचा विचारही करू नये. गोळीने ताप झाकला जातो, जंतुसंसर्ग नाही.

ज्या गोष्टीकडे सर्वात कमी लक्ष जातं ती म्हणजे तळपाय. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झालीप्लॅटिन यांसारख्या औषधांनी बोटांच्या टोकांच्या नसा बधिर होतात. पेशंट म्हणतात, “चपलेत कापूस भरल्यासारखं वाटतं,” किंवा “चप्पल निघून गेली तरी कळत नाही.” सपाट रस्त्यावर डोळे ती उणीव भरून काढतात. चढतानाही पायरी समोर दिसते, त्यामुळे निभावतं. घात होतो उतरताना. हरिहरच्या कातळातल्या त्या उभ्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणा. उतरताना तोंड कड्याकडे, दोन्ही हात खोबणीत, आणि खालची पायरी दिसतच नाही. पायाच्या अंगठ्याने चाचपत ती शोधायची, टेकली की भार टाकायचा. ज्या संवेदनेवर हा सगळा व्यवहार चालतो तीच औषधाने नेलेली असते. हाताची बोटंही बधिर असतील तर खोबण किती घट्ट धरलीय याचाही अंदाज येत नाही. असा पेशंट हरिहर चढून जाईल, पण त्याला उतरवणं कठीण होऊन बसेल, आणि रविवारच्या गर्दीत त्याच्या वर-खाली पंचवीस माणसं खोळंबलेली असतील.

तपासणी सोपी आहे. दवाखान्यात १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्यावर ठेवून कंप जाणवतो का ते बघतो. घरी भिंतीजवळ उभं राहून एका पायावर दहा सेकंद तोल सांभाळायचा, मग दुसऱ्या. नंतर दोन्ही पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायचं, शेजारी कुणीतरी हवंच. डोळे मिटताच डोलायला झालं तर गड लांबणीवर टाकावा. आणखी एक: ऑक्झालीप्लॅटिन थांबल्यावरही दोन-तीन महिने बधिरपणा वाढू शकतो. म्हणून “किमो संपली, आता जाऊ” हा हिशेब इथे लागू पडत नाही.

याच औषधाचा दुसरा त्रास थंडीचा. डोस झाल्यावर काही दिवस गार वस्तूला हात लावला की झिणझिण्या येतात, गार हवा घशात गेली की घसा आवळल्यासारखा होतो. निफाडला पारा उतरतो त्या डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघायची आपली सवय अशा पेशंटने मोडावी. ऊन वर आल्यावर निघा, हातमोजे घाला, नाक-तोंड मफलरने झाका, पाणी थर्मासमधलं कोमट प्या. शिडीचा लोखंडी कठडा उघड्या हाताने धरू नका. कळसूबाईच्या शिड्या सकाळी बर्फासारख्या गार असतात.

बूट अर्धा नंबर मोठे घ्या. डोसिटॅक्सेल, पॅक्लिटॅक्सेलने नखं सैल होतात आणि उतारावर पंजा पुढे सरकून नख उचकटतं. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळव्यांची साल निघत असेल तर चौदा दिवस गोळ्या आणि सात दिवस सुट्टी यातल्या सुट्टीच्या शेवटी गड, तेही कातडी भरून आली असेल तरच.

नाशिककडे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट पुष्कळ, आणि त्यांचा गड वेगळाच असतो. मानेच्या ऑपरेशनमध्ये खांद्याची नस दुखावली असेल तर त्या बाजूचा खांदा उतरतो. सॅकचा पट्टा घसरत राहतो, माणूस मान वाकडी करून चालतो आणि संध्याकाळी पाठ आखडते. सगळं वजन कमरेच्या पट्ट्यावर घ्यावं, तीन किलोंच्या वर जाऊ नये. शेक (रेडिएशन) दिलेल्या कातडीवर पट्टा घासू द्यायचा नाही, ऊनही लागू द्यायचं नाही. सुती उपरणं गुंडाळा. लाळ कमी झालेली असते, म्हणून दर दहा मिनिटांनी एक घोट. चिवडा, कोरडी भाकरी, लाडू घशाखाली उतरत नाही. ताक-भात, केळं, सातूचं पातळ पीठ न्यावं. आणि मानेला शेक दिलेल्या माणसाला एक-दोन वर्षांनी अचानक चढ लागायला लागला, तर ते वय समजून सोडून देऊ नये. थायरॉइड मंदावलेली असू शकते. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करायलाच हवी. बरोबरच्या गड्यांनी तंबाखूची पुडी घरी ठेवावी, ही हात जोडून विनंती. गडावरच्या विश्रांतीत पुढे केलेली चिमूट नाकारणं सुटलेल्या माणसाला फार जड जातं.

लाल रंगाचं औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, किंवा ट्रास्टुझुमॅब घेतलेल्यांनी मोठ्या चढाआधी टूडी-एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावी. हाडांत आजार असेल तर उड्या नाहीत, सॅक नाही, आणि कुठलं हाड किती पोखरलंय हे स्कॅनवर बघितल्याशिवाय परवानगी नाही. पोटावर स्टोमाची (शौचासाठी पोटावर काढलेल्या वाटेची) पिशवी असेल तर कमरेचा पट्टा तिच्यावर येतो. पट्टा खाली घ्यावा, जादा पिशवी आणि ओआरएस जवळ ठेवावं. पोर्ट असेल त्या बाजूच्या पट्ट्याखाली जाड रुमालाची घडी.

गडांचा क्रम मी असा सुचवतो. पहिली परीक्षा पांडवलेणी. मध्ये न थांबता, चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येतं का ते बघा. तीन शब्दांत धाप लागली तर महिनाभर रोजचं चालणं आणि खुर्चीतून हात न टेकता उठ-बस. स्टेरॉइडने मांड्या दुबळ्या झालेल्यांना ही उठ-बस फार उपयोगी पडते. मग रामशेज, पायऱ्यांची वाट. त्यानंतर अंजनेरी, पावसाळा संपल्यावर. ओला कातळ आणि शेवाळ टाळून. ब्रह्मगिरीची फेरी लांब आणि गर्दीची, म्हणून ती काउंट पूर्ण सावरल्यावर. कळसूबाई उपचार संपून सहा महिने झाल्यावर. हरिहर सगळ्यात शेवटी, आठवड्याच्या मधल्या वारी, पुढे एक आणि मागे एक जाणता सोबती घेऊन.

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या बायकांना “त्या हाताने काही उचलू नका, सूज येईल” असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हाताला सूज असलेल्या स्त्रियांनी हळूहळू वाढवत वजनं उचलली आणि सूज वाढली नाही. त्यामुळे हात जपून कोपऱ्यात ठेवायचा नाही, तयार करायचा. गडावर त्याला खरा धोका करवंदीच्या काट्याचा. एवढ्याशा ओरखड्यातून जंतू शिरतात आणि दोन दिवसांत हात लाल, गरम होतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आधीच सूज असेल तर दाबपट्टी चढायच्या आधीच चढवा, ओरखडा दिसला की साबण-पाण्याने धुऊन मलम लावा. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोपराच्या वर आणि खाली दहा-दहा सेंटिमीटरवर शिंप्याच्या टेपने दोन्ही हात मोजा. आधी लिहून ठेवलेल्या मापापेक्षा त्या हाताचा फरक दोन सेंटिमीटरच्या वर गेला, तर फोनवर विचारत बसू नका, सोमवारी सकाळीच टेप घेऊन ओपीडीत या.