ग्रीन बे : जिथला संघ गाव सोडून जाऊ शकत नाही

गेल्या नोव्हेंबरात कामानिमित्त शिकागोला जाणे झाले. तिथले दिवस बैठकांमध्ये आणि उंच इमारतींकडे माना वर करून पाहण्यात गेले. त्यांविषयी वेगळे लिहावे असे काही घडले नाही. लिहायचे आहे ते तिथून उत्तरेला सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर, विस्कॉन्सिन राज्यात असलेल्या ग्रीन बे या गावाविषयी, आणि त्यातही तिथल्या एका गृहस्थांनी आपल्या घराच्या गॅरेजमध्ये उभे राहून आम्हाला जे सांगितले त्याविषयी.

शिकागोत राहणारा माझा मावसभाऊ अमेरिकन फुटबॉलचा नेमाने सामने पाहणारा चाहता आहे. त्याने ग्रीन बे पॅकर्सच्या सामन्याची दोन तिकिटे कोणाकडून तरी मिळवली होती. या संघाच्या हंगामी तिकिटांसाठीच्या प्रतीक्षायादीत लाखाहून अधिक नावे आहेत, आणि वडिलांचे तिकीट मुलाकडे आणि मुलाचे नातवाकडे असे ते घराण्यातच राहते; त्यामुळे त्याच्या या कामगिरीचे मोल मला तिथे पोहोचल्यावर कळले. मिलवॉकी ओलांडल्यावर रस्त्यावर नारिंगी रंगाचे मोठमोठे ट्रक वारंवार दिसू लागले. ते श्नायडर या वाहतूक कंपनीचे होते, आणि तिचे मुख्यालय ग्रीन बेमध्येच आहे. त्या वेळी मी ते केवळ पाहिले. त्यांचा अर्थ पुढे गॅरेजमध्ये उलगडला.

ग्रीन बेची लोकसंख्या जेमतेम १ लाख ७ हजार आहे. अमेरिकन फुटबॉलची सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा असलेल्या नॅशनल फुटबॉल लीगमधले बाकीचे संघ महानगरांच्या आधाराने जगतात, आणि हे एवढेसे गाव १९२१ पासून त्यांच्या पंक्तीत आहे. लॅम्बो फील्ड या मैदानाला लागूनच साध्या, बैठ्या घरांच्या गल्ल्या आहेत. सामन्याच्या दिवशी तिथले रहिवासी आपल्या अंगणातल्या हिरवळीवर गाड्या लावू देतात आणि त्याचे पैसे घेतात. आम्ही ज्यांच्या अंगणात शिरलो ते सत्तरीतले गृहस्थ हातातल्या विजेरीने खुणा करत एकेक गाडी अशी बसवत होते की दोन आरशांमध्ये वीतभरच अंतर राहावे. ४० डॉलर रोख घेऊन त्यांनी ते एका चहाच्या जुन्या डब्यात टाकले, आमच्या कोटांकडे पाहिले आणि हे पुरणार नाही, आधी आत येऊन शेकून घ्या, असे म्हणाले.

अमेरिकेत अनोळखी माणसाला इतक्या सहज घरात घेतलेले मी पूर्वी पाहिले नव्हते. गॅरेजमध्ये एक हीटर चालू होता, दाराशी निखाऱ्यांवर सॉसेज भाजले जात होते, आणि घडीच्या टेबलावर ताज्या चीजच्या गोळ्यांचे मोठे भांडे ठेवले होते. आम्ही भारतातून आलो आहोत हे कळल्यावर त्यांनी मांस चालते का, असे आधी विचारून घेतले, आणि माझ्यासाठी शेगडीच्या एका कडेला वेगळी जाळी ठेवून त्यावर मक्याची कणसे भाजली. एवढे अगत्य मला शिकागोच्या महागड्या हॉटेलात मिळाले नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो.

भिंतीवर, हत्यारांच्या फळीच्या वर, काचेच्या चौकटीत एक कागद लावलेला होता. कडेला नक्षी, मध्ये ठळक छापील मजकूर आणि खाली शाईतल्या सह्या. तो पॅकर्सचा शेअर होता. गृहस्थांच्या वडिलांनी तो १९५० मध्ये २५ डॉलरला घेतला होता, आणि वारसा हक्काने तो यांच्याकडे आला होता. १९९७ मध्ये संघाने जुन्या प्रत्येक शेअरचे हजार शेअर केले. पण त्यांचे मोल पूर्वीही काही नव्हते आणि पुढेही होणार नव्हते. या शेअरवर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही, आणि त्याच्या जोरावर तिकीटसुद्धा मिळत नाही. जवळच्या नातलगाला तो देता येतो, एवढेच. आपल्याकडे तालमीसाठी किंवा मंडळासाठी वर्गणी काढतात तसाच हा प्रकार आहे, फरक इतकाच की पावतीबरोबर मतदानाचा हक्कही मिळतो. आज सुमारे ५ लाख ३८ हजार लोक या संघाचे मालक आहेत, आणि कोणा एकाने २ लाखांहून अधिक शेअर बाळगू नयेत असा नियम आहे.

गृहस्थांनी सांगितलेला इतिहास मी नंतर ताडून पाहिला आणि तो खरा निघाला. १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो नावाच्या तरुणाला इंडियन पॅकिंग कंपनी या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्याने गणवेश आणि साहित्यासाठी ५०० डॉलर दिले. ‘पॅकर्स’ हे नाव त्या कारखान्यावरून आले. पुढे पैशांची चणचण भासू लागल्यावर १९२३ मध्ये गावातल्या व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन संघाला ना-नफा संस्था केले आणि ५ डॉलरला एक याप्रमाणे शेअर विकले. संघ पुन्हा बुडू लागला तेव्हा १९३५ आणि १९५० मध्ये गावाने पुन्हा पैसे उभे केले. मूळ घटनेत एक कलम असे होते की संघ विकला गेलाच, तर देणी भागवून उरणारी रक्कम माजी सैनिकांच्या स्थानिक संघटनेला स्मारक बांधण्यासाठी द्यावी. १९९७ मध्ये संघटनेच्या जागी पॅकर्सचा धर्मादाय निधी आला, पण तत्त्व तेच राहिले. संघ विकून कोणाच्याही खिशात काही पडणार नाही, म्हणून संघ विकण्याची इच्छाही कोणाला होत नाही. हे कलम लिहिणाऱ्या माणसांचा मला मनापासून आदर वाटला.

या कलमाचे महत्त्व समजण्यासाठी इतर गावांचे काय झाले ते पाहावे लागते. १९८४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोर कोल्ट्सचे सगळे सामान रातोरात ट्रकांत भरले गेले आणि सकाळी तो संघ इंडियानापोलिसचा झाला. क्लीव्हलंडचा संघ मालकाने १९९६ मध्ये बाल्टिमोरला नेला. सेंट लुईसचा संघ २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला गेला, ओकलंडचा २०२० मध्ये लास व्हेगासला. मालक शहरांना सांगत राहतात की नवे मैदान बांधून द्या, नाही तर आम्ही निघालो; आणि शहरे कर्ज काढत राहतात. ग्रीन बेला ही धमकी कोणी देऊ शकत नाही. आता तर लीगच्या नियमांनी अशा सामूहिक मालकीला बंदीच आहे. पॅकर्सची पद्धत त्या नियमाआधीपासूनची असल्याने ती तेवढी चालू दिली आहे.

अर्थात केवळ निष्ठेवर संघ चालत नाही, आणि त्या गृहस्थांना हे चांगले ठाऊक होते. लीगला मुख्यतः दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणातून मिळणारा सामायिक पैसा सगळ्या संघांत सारखा वाटला जातो. २०२४-२५ या आर्थिक वर्षात प्रत्येक संघाच्या वाट्याला ४३ कोटी २६ लाख डॉलर आले, न्यूयॉर्कला जितके तितकेच ग्रीन बेला. हा आकडा जगाला कळतो तोही पॅकर्समुळेच, कारण भागधारकांना हिशेब देणे त्यांना भाग असते आणि इतर संघ आपली वही उघडत नाहीत.

यानंतर मी विचारले की मग या संघामुळे तुमच्या गावाची भरभराट झाली असेल. त्यांनी सॉसेज उलटण्याचा चिमटा खाली ठेवला आणि प्रश्न इतक्या गांभीर्याने घेतला की सामन्याला उशीर होईल म्हणून माझा भाऊ घड्याळाकडे पाहू लागला.

त्यांची सारी नोकरी कागदाच्या गिरणीत झाली होती. फॉक्स नदीच्या काठावरच्या गिरण्या, चीज आणि मांसाचे कारखाने, आणि तुम्ही वाटेत पाहिलेत ते नारिंगी ट्रक, यांवर गाव जेवते, असे ते म्हणाले. संघ वर्षातून दहा-एक दिवस घरच्या मैदानावर खेळतो. दहा दिवसांच्या धंद्यावर कोणाचा संसार उभा राहत नाही. २०२१ मध्ये ग्रीन बे पॅकेजिंग या कंपनीने सुमारे ५० कोटी डॉलर खर्चून गावात कागदाची नवी गिरणी उभारली. तीन दशकांहून अधिक काळानंतर विस्कॉन्सिनमध्ये उभी राहिलेली ती पहिलीच नवी गिरणी. त्या दिवशी आपल्याला विजेतेपदाच्या दिवसाइतकाच आनंद झाला होता, असे त्यांनी सांगितले, आणि ते खोटे वाटत नव्हते.

तरीही, २००० साली मैदानाच्या नूतनीकरणासाठी अर्धा टक्का विक्रीकर लावायचा की नाही यावर जिल्ह्यात मतदान झाले, तेव्हा त्यांनी बाजूने मत दिले आणि त्यांच्या पत्नीने विरोधात. थोड्या फरकाने कर मंजूर झाला. २९ कोटी ५० लाख डॉलरचे ते काम २००३ मध्ये पुरे झाले, कर २०१५ मध्ये थांबला, आणि कबूल केल्याप्रमाणे थांबला याचे श्रेय त्या दोघांनीही दिले. पत्नीचे म्हणणे मला अधिक विचार करायला लावणारे वाटले. सामने दहा-एक दिवसच असतात म्हणून नूतनीकरणात बारा महिने उघडे राहणारे भव्य दालन बांधले गेले. त्यात संग्रहालय, दुकान आणि खानपानगृहे आली. मग २०१७ मध्ये मैदानाच्या पश्चिमेला संघाने स्वतःच्या जमिनीवर ‘टायटलटाउन’ उभारले. हॉटेल, दारूभट्टीला जोडलेले उपाहारगृह, दवाखाना, उद्यान, पुढे घरे आणि कचेऱ्याही. शिवाय ही जागा ग्रीन बेच्या नव्हे तर शेजारच्या अॅशवॉबेनॉन या गावाच्या हद्दीत येते, म्हणजे इमारतींचा स्थानिक करही तिकडे जातो. त्या म्हणाल्या, पाहुणा महामार्गावरून उतरतो, संघाच्या हॉटेलात राहतो, संघाच्या आवारात जेवतो आणि महामार्गाने परत जातो. पाच किलोमीटरवर आमचे जुने गाव आहे हे त्याला कळतही नाही.

एप्रिल २०२५ मध्ये लीगची खेळाडू-निवड, म्हणजे सगळे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडून घेतात तो वार्षिक सोहळा, इथे झाली. तीन दिवसांची मिळून ६ लाखांहून अधिक उपस्थिती जाहीर झाली. त्यांच्या ओळखीच्या एका खानावळवाल्याने जादा माल भरला, जादा माणसे नेमली, आणि गर्दी सगळी मैदानाच्या आवारातच राहिली. हे सांगताना दोघांपैकी कोणीही संघाला दोष दिला नाही. नियोजनाला दिला.

सामन्याविषयी थोडक्यात सांगतो. १९५७ मध्ये ३२ हजारांसाठी बांधलेले हे मैदान आज ८१,४४१ जण सामावून घेते, आणि बहुतेकांना पाठ टेकायला काही नसलेल्या अॅल्युमिनियमच्या बाकांवर बसावे लागते. जाड कोट घातलेल्या माणसांना आखून दिलेली जागा पुरत नाही. दोन्ही बाजूंनी दाबले जात, पायांखालून थंडी चढत असताना तीन तासांहून अधिक काळ काढणे हे वयस्कर माणसांसाठी कष्टाचे आहे, आणि एवढ्या दराच्या तिकिटात पाठीला आधार मिळायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. पण तिथली गर्दी शिस्तीची आहे. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी आपल्या मांडीवरची घोंगडी न विचारता माझ्याही गुडघ्यांवर ओढली. पॅकर्स जिंकले.

रात्री टायटलटाउन पाहिले. जागा सुरेख राखली आहे हे मान्य करायलाच हवे. मुलांसाठी कृत्रिम टेकडी आहे, कोणालाही खेळता येईल असे पूर्ण मापाचे फुटबॉलचे मैदान आहे, आणि उद्यानात फिरायला कोणी पैसे मागत नाही. ना-नफा संघाने आपला पैसा गावकऱ्यांच्या मुलांसाठी खर्चावा हे योग्यच आहे. मला खटकले ते एवढेच की तिथे सगळे एकाच धन्याने ठरवलेले वाटते. एखादा बारीकसा भाड्याचा गाळा, आपल्या नावाची पाटी लावलेला एखादा फाटका दुकानदार, असे काही दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुद्दाम जुन्या गावात गेलो. फॉक्स नदीच्या काठाने लाकडी फळ्यांचा देखणा फिरण्याचा रस्ता बांधला आहे, आणि त्यावर आमच्याखेरीज कुत्र्याला फिरवणारा एक माणूस होता. आदल्या दिवशी ऐंशी हजार लोक आले होते, त्यांतले शंभरसुद्धा इकडे फिरकलेले दिसले नाहीत. न्याहारीच्या छोट्या दुकानात गल्ल्यामागे हंगामाचे वेळापत्रक चिकटवलेले होते आणि त्यातल्या काही तारखांना लाल शाईने गोल केले होते. ते घरच्या सामन्यांचे दिवस असावेत असे मी म्हणालो. मालकीणबाईंनी मान हलवून नाही म्हटले. गोल केलेले दिवस संघ परगावी खेळतो ते होते. त्या दिवशी गावातली माणसे गावातच असतात, एकत्र बसून टीव्हीवर सामना पाहायला इथे येतात, आणि त्यांना त्या दिवसांसाठी दोन माणसे जास्त लावावी लागतात. घरच्या सामन्याच्या दिवशी त्या दुकान दुपारीच बंद करतात आणि स्वतः मैदानावर जातात.