टूसॉनच्या बाजारातले मणी

अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात दरवर्षी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दगड, खनिजं आणि मण्यांचा बाजार भरतो. त्याला एक प्रदर्शन म्हणणं बरोबर नाही, सगळं शहरच त्यात गुंतलेलं असतं. हॉटेलांच्या खोल्यांतले पलंग हलवून तिथे दुकानं थाटतात, महामार्गालगतच्या मोकळ्या जागांवर पांढरे तंबू उभे राहतात आणि माणसाच्या उंचीचे जांभळे अ‍ॅमेथिस्ट उघड्यावर ओळीने मांडलेले दिसतात. १९५५ साली तिथल्या खनिजप्रेमींनी एका प्राथमिक शाळेत छोटंसं प्रदर्शन भरवलं होतं, त्याचा हा पसारा. मी गेले ते फक्त मण्यांसाठी.

माझी मामेबहीण फिनिक्सला राहते. तिथून टूसॉन गाडीने दोन तासांच्या आत. वाटेत दुतर्फा वाळवंट, त्यात हात वर करून उभे असल्यासारखे सग्वारो निवडुंग. ताईला दागिन्यांची हौस आहे, पण मण्यांची नाही. ती आली ती माझ्या सोबतीला.

मला मणी बघायची सवय लागली ती पुण्यात. आजी मंगळसूत्र गाठवून घ्यायला सोन्या मारुती चौकाजवळच्या पटवेकऱ्याकडे जायची, तेव्हा मी तिचा पदर धरून बरोबर असायचे. जोंधळी पोत, बोरमाळ, मोहनमाळ ही नावं मी तिथेच ऐकली. पटवेकरी मणी हातात घेतला की आधी त्याचा रंग बघायचा नाही, भोक बघायचा. कड धारदार असेल तर रेशीम चार महिन्यांत तुटणार, भोक तिरकं असेल तर मणी सरात मान वाकडी करून बसणार. पुढे मी स्वतः माळा करायला लागले, रविवार पेठेत बोहरी आळीत काचमण्यांच्या लडी धुंडाळायला लागले, तेव्हाही नजर पहिल्यांदा तिथेच जायची. तिथे येणारे पुष्कळ काचमणी उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे, असं दुकानदार सांगतात. तिथे घराघरांतून हा धंदा चालतो.

टूसॉनमध्ये काही ठिकाणी फक्त व्यापाऱ्यांना प्रवेश असतो, व्यवसायाची नोंदणी दाखवावी लागते. आम्ही तिकडे फिरकलो नाही. एका हॉटेलच्या मोठ्या सभागृहात नुसत्या मण्यांचं प्रदर्शन होतं आणि ते सर्वांना खुलं होतं. एकेका टेबलामागे स्वतः मणी घडवणारी माणसं बसलेली. पहिल्याच टेबलावर ताईने किमतीची चिठ्ठी वाचली आणि मला बाजूला ओढलं.

"अगं, एका मण्याचे ४० डॉलर? एवढ्यात तुळशीबागेत माळा घेऊन पिशवी भरेल!"

"ताई, आधी त्या बाई मणी कसा करतायत ते तरी बघ. मग बोलू."

सभागृहाबाहेरच्या अंगणात एक साठीच्या बाई प्रात्यक्षिक दाखवत होत्या. समोर गॅस आणि ऑक्सिजनची बारीक, निळी, फुरफुरणारी ज्योत. डाव्या हातात पोलादी सळई. ती चिकणमातीसारख्या लेपात बुडवून वाळवलेली होती, कारण लेप नसेल तर काच पोलादाला कायमची चिकटते. उजव्या हातात हस्तिदंती रंगाची काचेची कांडी. कांडीचं टोक वितळून मधासारखं झालं की त्या ते सळईवर गुंडाळत आणि सळई फिरवत राहत. क्षणभरही हात थांबवायची सोय नाही, काच लगेच खाली ओघळते. पुण्यातला पटवेकरी ज्या भोकातून रेशीम ओवतो, ते भोक काचेच्या मण्यात नंतर पाडलेलं नसतं. मणीच भोकाभोवती जन्माला येतो, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

मग त्यांनी फिरोजी काचेचे ठिपके दिले. हस्तिदंती आणि फिरोजी जिथे भेटतात तिथे आपोआप एक बारीक काळपट रेघ उमटली. हस्तिदंती काचेत गंधक, फिरोजीत तांबं. तापल्यावर दोघांची प्रक्रिया होते. कुठल्याही कुंचल्याने काढता येणार नाही इतकी नाजूक रेघ होती ती. बाईंनी आपला गुलाबी काचांचा चष्मा काढून ताईच्या डोळ्यांना लावला. तापलेल्या काचेतून सोडियमचा पिवळा झगमगाट निघतो, त्याने आतलं काही दिसत नाही. तो चष्मा नेमका तेवढाच पिवळा उजेड अडवतो. ताई वाकून बघतच राहिली. त्यानंतर किमतीबद्दल ती दिवसभरात एक शब्द बोलली नाही.

तो मणी मात्र विकत मिळाला नाही. ज्योतीतून निघाला की तो सुमारे ५०० अंश सेल्सियसच्या भट्टीत जातो आणि तिथे तासन्‌तास हळूहळू थंड होतो. बाहेरच्या हवेत सोडला तर वरचा थर आधी आक्रसतो, आतला ताण तसाच राहतो आणि कधीतरी महिन्यांनी गळ्यातल्या गळ्यात मणी तडकतो. कारखान्यातून किलोच्या भावाने येणाऱ्या मण्यांना भट्टीचा हा वेळ अनेकदा मिळत नाही. किमतीत जो फरक असतो, त्यातला मोठा वाटा मला इथे दिसतो, आणि तो द्यायला मला जड जात नाही.

बाईंच्या कांड्या मुरानोच्या होत्या. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये व्हेनिसने आपल्या काचभट्ट्या ज्या बेटावर हलवायला लावल्या, तेच हे मुरानो. काचमण्यांची ही कला २०२० मध्ये इटली आणि फ्रान्स या दोन देशांच्या नावाने युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. आपल्याकडच्या मणी करणाऱ्यांचीही अशी दखल घेतली जावी, असं मला मनापासून वाटतं.

निवडायला मी बराच वेळ घेतला. भोकाची दोन्ही टोकं आत वळलेली हवीत, बेंबीसारखी. टोकदार राहिली तर दोरा कापतात. भोकात पांढरी भुकटी राहिलेली नको, तो सळईवरचा लेप असतो. एका टेबलावर फार सुंदर निळे मणी होते, पण भोकं साफ केलेली नव्हती. ते मी परत ठेवले. ठिपक्यांच्या कडेवरून नख फिरवायचं. नख अडलं तर ठिपका नीट बसलेला नाही, पुढेमागे उडणार. शेवटी उजेडाकडे धरून तडा दिसतो का बघायचं. मी बाईंच्याच आदल्या दिवशीच्या भट्टीतला, हस्तिदंतीवर फिरोजी ठिपक्यांचा मणी घेतला. भाव केला नाही. घडवणारी व्यक्ती समोर बसलेली असताना घासाघीस करणं मला पटत नाही.

शेजारी पॉलिमर मातीचे, म्हणजे प्लास्टिकच्या मऊ लगद्याचे मणी होते. रंगीत थर एकावर एक गुंडाळून वळकटी करायची आणि अळूवडीसारखे काप काढायचे, प्रत्येक कापावर तीच नक्षी. काम सफाईदार होतं, पण काचेनंतर त्यात मन रमलं नाही.

दुपारी आफ्रिकन व्यापाऱ्यांच्या तंबूंत गेलो. इथे घासाघीस चालते, नव्हे, न केली तर विकणाऱ्याला मजा येत नाही. घानातल्या क्रोबो लोकांचे मणी पहिल्यांदाच हातात घेतले. जुन्या बाटल्यांची काच कुटून ती पूड मातीच्या साच्यात भरतात, मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात. भट्टीत देठ जळून जातो, भोक उरतं. ताईने आपणहून त्यांची एक माळ घेतली.

तिथेच निळ्या-पांढऱ्या-लाल थरांचे जुने व्हेनिसचे मणी होते, टोकं घासून आतली चांदणी उघडी केलेले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मुरानोत हा प्रकार निघाला आणि व्यापाऱ्यांबरोबर आफ्रिकेत पोचला. त्या ढिगाखाली लाल अकिकाची एक माळ होती. मी ती उचलली तशी मालीचा तो व्यापारी हसून म्हणाला, "इंडिया." गुजरातेतल्या खंबातचे अकीक शतकानुशतकं अरबी समुद्रावरून आफ्रिकेला जात होते, ते ठाऊक होतं. पण जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनलाही आफ्रिकेच्या बाजारासाठी तसेच मणी घडवले गेले, म्हणून त्याच्या शब्दावर मी लगेच भुलले नाही. तरीही माळ घेतली. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगातल्या घरांमध्येही अकिकाचे मणी मिळाले. घोड नदीकाठचा शेतकरी तीन हजार वर्षांपूर्वी हाच लाल रंग गळ्यात घालत होता, हे आठवल्यावर ती माळ खाली ठेवणं मला जमेना.

पुण्यात परतल्यावर काचेचा मणी आमच्या पटवेकऱ्याकडे नेला. आजीच्या वेळच्या पटवेकऱ्याचा मुलगा आता गादीवर बसतो. मणी बोटांत फिरवून त्याने भोकातून उजेडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकू, टोकं छान वळवलीत हो. पण भोक मोठं आहे, साधं रेशीम आत हलत राहील." मग काळ्या रेशमाचा चार पदरी गोफ करून त्याने मणी एकटाच मधोमध बसवला, दोन्ही बाजूंना गाठी मारून. आजूबाजूला सोन्याचे मणी घालू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं.

अकिकाची माळ मात्र त्याला दिली नाही, तिचा जुना सुती दोरा अजून घट्ट आहे. खंबातचे कारागीर हिऱ्याची कणी बसवलेल्या सामत्याने मण्याला दोन्ही बाजूंनी भोक पाडतात, दोन्ही भोकं मध्ये मिळतात. भिंगातून पाहिलं तर माझ्या काही मण्यांत तो सांधा दिसतो. येत्या हिवाळ्यात खंबातला जायचं ठरतंय. माळ बरोबर नेऊन तिथल्या जुन्या हातांना दाखवणार आहे, काम त्यांच्याकडचं वाटतं का ते विचारायला.