आबांचा खोकला

आज दुपारी पुण्याच्या एका बाईंचा फोन आला. दोन किलो हळद पाहिजे होती. पण हळदीचं नाव काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "आबांचा खोकला कसाय आता?"

बराय म्हटलं. पत्ता लिहून घेतला, पैसे जमा झालेले बघितले आणि फोन ठेवला. तेव्हापासून कशात लक्ष नाही. वाईट काय झालं त्यात? काहीच नाही. गिऱ्हाईक आपुलकीनं विचारतंय, ऑर्डर देतंय. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग अजून लिही की." ह्यांचं सगळं सोपं असतं.

आधी पार्सलमधल्या चिठ्ठीत मी शहाण्यासारखं लिहायचे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, राजापुरी वाण, करक्युमिन, घरच्या गिरणीत दळलेली. सगळं खरं. पण सगळ्या मार्केट यार्डात प्रत्येकाच्या पिशवीवर तेच छापलेलं. पुतण्यानं मोबाइलवरनं एक मजकूर काढून दिला होता, 'परंपरेचा सुवर्णस्पर्श' वगैरे. तो वाचून अक्का म्हणाल्या, "सोनाराचं दुकान काढलंय व्हय?"

मग एका रात्री कंटाळून सांगलीजवळच्या हरिपूरचं लिहिलं. हळद साठवायचं जमिनीतलं खोल पेव उघडलं की लगेच आत कुणी उतरायचं नाही. आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस वरच. आबा पोरवयात ती दोरी धरायचे. २००५च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, माल कुजला, आणि ती गोष्ट निघाली की आबा बोलत नाहीत, नुसते खोकतात. एवढंच लिहिलं. त्यांना वाचून दाखवूनच छापायला दिलं. "दोरी न्हवं, सोल लिव्ह," एवढंच म्हणाले.

आणि आता पुणं, नाशिक, कुठनं कुठनं लोक आबांच्या खोकल्याची चौकशी करतात.

मला काय बोचतंय ते लिहायला लाज वाटते, पण इथं लिहायचं नाही तर कुठं? दिवसभर गिरणीपाशी मी उभी असते. पापण्यांवर, कानात, मोबाइलच्या कव्हरच्या फटीत हळद. रात्री जेवणं उरकून चिठ्ठी लिहिते ती मी. माझ्या कंबरेचं कुणी विचारत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्याचा हेवा वाटावा, इथवर पोचले मी. बरं, माझं लिहायचं तर काय लिहायचं? पुराचं पाणी मीही बघितलंय, २०१९ला. त्या वेळी काय काय... जाऊ दे. ते मला पुडीत घालून विकायचं नाही. मग आबांचं बरं चाललं? त्यांनी हो म्हटलं होतं म्हणून? हा विचार आला की पुढचं सुचत नाही.

संध्याकाळी मिरजेच्या जुन्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला : 'चिठ्ठी झकास. हळद मात्र या खेपेला फिकी वाटली.' घ्या! हसूच आलं. कंदील, पूर, खोकला सगळं वाचूनसुद्धा माणूस भाजीचा रंग बघतोच, आणि बघावाच. माझी सगळी कीव तिथंच उतरली.

आबांना सांगितलं. त्यांनी त्याच पोत्यातलं हळकुंड काढून मोडलं. टण्णकन आवाज आला. आतला रंग उजेडात धरून बघितला, पार गाभ्यापर्यंत केशरी. "माल झ्याक हाय. बरणी कुठं ठेवलीया विचार त्यास्नी." फोन लावला. काचेची बरणी, स्वयंपाकघराच्या खिडकीत, सकाळचं ऊन थेट. उन्हानं हळदीचा रंग उडतो हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत, पण आजवर एकाही चिठ्ठीत मी ते लिहिलेलं नाही! कारण त्यात कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. पुढच्या चिठ्ठीत हेच जाणार, टण्ण आवाजासकट.

आबांना मात्र आता गोडी लागलीय. जेवताना म्हणाले, "फुडच्या बारीला तासगावच्या पावण्यांचं लिव्ह. उधारी बुडवली ते."

"आबा, ते अजून माल नेतात आपल्याकडनं."

"म्हणून तर लिव्ह म्हणतोय. चिठ्ठी जाईलच की त्यांच्या पार्सलात."