सगळ्यालाच 'कष्ट' म्हणून कसं चालेल?

इंग्रजी मजकूर मराठीत आणताना वर्कला 'काम' आणि एफर्ट, टॉइल, लेबर अशा उरलेल्या सगळ्या शब्दांना 'कष्ट' लावलं की वाक्य चुकत नाही, पण त्याची चव जाते. म्हणून मी शब्दकोशाआधी वाक्यालाच विचारतो: हे एकदा करायचं की रोज? अंग दमतंय का? आणि लिहिणाऱ्याला त्या कामाबद्दल आदर आहे की वैताग?

एफर्ट एकेक मोजता येतो, म्हणून बहुतेकदा 'प्रयत्न'. पण 'नॉट वर्थ दि एफर्ट'मध्ये 'प्रयत्न' लंगडा पडतो. तिथे 'एवढा खटाटोप कशाला' हेच बसतं. एग्झर्शनमध्ये अंगावर ताण येतो. डॉक्टरांच्या सूचनेत 'परिश्रम टाळा' लिहू नये, 'दगदग करू नका' लिहावं.

खरी गफलत टॉइल आणि ड्रजरीत होते. दोन्ही लांबलचक, दोन्ही दमवणारी. टॉइलमध्ये मात्र करणाऱ्याचा मान राहतो: शेतात राबणं, खपणं, काबाडकष्ट. ड्रजरी जड असेलच असं नाही. दिवसभर बसून पाकिटांवर पत्ते लिहिणं हीसुद्धा ड्रजरीच, त्यामुळे 'ढोरमेहनत' चुकतं. 'पाट्या टाकणं' जवळचं वाटतं, पण त्यात दोष काम करणाऱ्याकडे जातो. ड्रजरीत दोष कामाचा असतो. मी 'तेच ते रटाळ काम' लिहितो, किंवा सूर चालत असेल तर 'घाण्याला जुंपणं'. गंमत अशी की घाण्याशी नातं टॉइलचं आहे: त्याचं मूळ ऑलिव्ह चिरडायच्या घाण्याच्या लॅटिन नावात सापडतं. व्युत्पत्ती बघून प्रतिशब्द ठरवू नये, ते यासाठीच.

लेबरला आधी शेजारचा शब्द बघावा. अर्थशास्त्रात 'श्रम', संपाच्या बातमीत 'कामगार', आणि 'इन लेबर' म्हणजे 'कळा सुरू झाल्या'. 'लेबर्ड स्टाइल' ही स्तुती नव्हे. 'परिश्रमपूर्वक घडवलेली शैली' लिहिलं की अर्थ उलटा होतो. ती 'ओढूनताणून आणलेली' शैली. वर्कच्या आधी 'अ' आलं तर बहुधा कलाकृती, आणि 'स्टील वर्क्स' म्हणजे पोलादाचा कारखाना.

टास्क म्हणजे नेमून दिलेलं काम. चोअर म्हणजे घरातलं झाडलोट-भांड्यांसारखं रोजचं काम. पण एखाद्याला फोन करणं 'चोअर' वाटत असेल, तर सरळ 'जिवावर येतं' लिहावं.