घडीचा हॉर्न, तिसरा प्रयत्न: २.७चा खड्डा बुजला

मागच्या नोंदीत माझ्या स्पीकरच्या दुमडलेल्या हॉर्नमधल्या २.७ किलोहर्ट्झच्या खड्ड्याचं रडगाणं गायलो होतो: त्या स्वराशी आवाज एकदम पडायचा. ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) निर्दोष, क्रॉसओव्हरही (स्वर वेगवेगळ्या ड्रायव्हरांत वाटणारं सर्किट) निर्दोष. घोळ माझ्याच हुशारीचा होता.

नव्यांसाठी थोडक्यात: एक इंची कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नच्या अरुंद तोंडाशी बसणारा), ३०० हर्ट्झपासून वर चालणारा एक्स्पोनेन्शियल, म्हणजे ठरावीक अंतराला दुपटीनं फुगणारा हॉर्न. दर ६.३ सेंमीला छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट होतं, आणि सरळ बांधला तर लांबी अर्ध्या मीटरच्या घरात जाते. आमच्या कपाटाची खोली ३२ सेंमी, म्हणून घडी, म्हणजे दुमडलेला हॉर्न. (अमेरिकन स्पीकरकार पॉल क्लिप्शनं १९४६च्या क्लिप्शहॉर्न स्पीकरमध्ये फक्त बेस दुमडला, वरच्या स्वरांचा हॉर्न सरळच ठेवला. शहाणा माणूस.)

घडीत वरचे स्वर कसे मरतात ते नाशिकच्या रामकुंडावर भोंग्याखाली उभं राहून ऐकावं. भोंगा म्हणजे घडीचाच हॉर्न. त्याचे बाकीचे दोष वेगळे, पण हरवलेल्या माणसाचं नाव पुकारलं की 'स' आणि 'श' आधी गळतात.

वळणाची रुंदी अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमी असेल तोवर आवाज बऱ्यापैकी मुकाट वळतो. माझी रुंदी ४ सेंमी, म्हणजे मर्यादा ४.३ किलोहर्ट्झ. मग मी मध्ये उभी पट्टी घातली. दोन-दोन सेंमीच्या दोन गल्ल्या, मर्यादा थेट ८.६! कागदावर झकास. पण यू-टर्नमध्ये बाहेरच्या गल्लीतल्या आवाजाला पाय (π) गुणिले २, म्हणजे ६.३ सेंमी जास्त चालावं लागतं. पट्टी संपते तिथे दोघं भेटतात, आणि तरंगलांबी १२.६ सेंमी असेल तर नेमके उलटे भेटतात आणि एकमेकांना खोडतात. आवाजाचा वेग ३४३ (मीटर सेकंदाला) भागिले ०.१२६ करून बघा. पट्टी नसती तर निदान हा खड्डा तरी नसता.

आता वळणं दोन आहेत, एक डावं, एक उजवं, आणि पट्टी दोन्हींतून अखंड जाते. पहिल्या वळणावर बाहेरून गेलेला दुसऱ्यावर आतून जातो, हिशेब फिटतो. अट एकच: दोन्ही वळणांची रुंदी सारखी हवी. म्हणून रुंदी ४ सेंमीवर गोठवली आणि सगळा फुगवटा उंचीत घेतला. १.२७ सेंमीपासून १० सेंमीपर्यंत, १८.८ सेंमीच्या वाटेत तीन दुप्पटी. त्यापुढे हॉर्न चारही बाजूंनी मोकळा.

असा वाढत जाणारा वळणदार बोगदा प्लायमध्ये करणं माझ्या बसची बात नाही. गंगापूर रोडवरच्या मित्राच्या प्रिंटरवर (थ्रीडी) पीएलए प्लास्टिकमध्ये दोन अर्धुकं काढली, पट्टी १ मिमी अॅल्युमिनियमची. पहिल्या स्वीपला (खालपासून वरपर्यंत सगळे स्वर वाजवून घेतलेल्या चाचणीला) आत मधमाशी शिरल्यासारखं गुणगुणलं. पट्टीची खालची कड खोबणीत सैल होती. एपॉक्सी भरली, रात्रभर वाळू दिली, मधमाशी गेली.

२.७ला आता खड्डा नाही. साडेआठ किलोहर्ट्झपर्यंत मापाची रेघ ठीक, मग उतार. आईला बातम्या लावून दिल्या, तर म्हणाली, "आवाज कमी कर, निवेदिकेचं थुंकी गिळणंसुद्धा ऐकू येतंय."

पुढे दोन पट्ट्या, तीन गल्ल्या, प्रत्येकी १.३ सेंमी. मर्यादा १३ किलोहर्ट्झच्या आसपास यायला हवी. पत्रा उरलाय, खोबणी मात्र या वेळी घट्ट ठेवणार.