दुर्बीण वस्तीवर आणि मी पुण्यात

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. मी काढलेली आकाशाची छायाचित्रे पाहून झाली की बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: दुर्बीण जुन्नर तालुक्यातल्या वस्तीवर, तुम्ही कोथरूडच्या घरात, मधला सगळा कारभार इंटरनेटवरून, मग मध्यरात्री काही बिघडले, तर नेमके काय बिघडले हे इथे बसून कळते कसे? याचे थोडक्यात उत्तर असे, की बिघाड कोणत्या क्षणी झाला हे मी मिनिटापर्यंत लिहून ठेवतो आणि मग त्या मिनिटाला आणखी काय काय चालू होते ते शोधतो. हे बोलायला सोपे वाटते. नुकत्याच सरलेल्या डिसेंबरात मात्र एका बिघाडाने मला बरेच दिवस झुलवले, म्हणून तोच सविस्तर सांगतो.

आधी मांडणी समजून घ्यावी लागेल. माझे चुलते, म्हणजे नाना, वस्तीवर राहतात. त्यांच्या घराच्या परसात सिमेंटचा एक खांब उभारला आहे. त्यावर विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या गतीने दुर्बीण फिरवत ठेवणारी मोटारीची बैठक), ८० मिलिमीटर व्यासाची आणि ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगांची दुर्बीण, शून्याखाली थंड करता येणारा कॅमेरा, एका ताऱ्यावर सतत नजर ठेवणारी गायडिंगची छोटी दुर्बीण आणि खांबालाच बांधलेला एक मिनी पीसी आहे. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असल्यामुळे या दुर्बिणीत तो आकाशाचा सुमारे १.९ विकला एवढा तुकडा पाहतो. विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग. आकाश मात्र दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकत असते. म्हणजे माउंट एक सेकंद जरी अडखळले, तरी तारा सात-आठ पिक्सेल वाहून जातो. दिवेलागणीला नाना खांबावरचे आच्छादन काढतात आणि सकाळी पुन्हा घालतात. मधल्या वेळेत छायाचित्रांचा क्रम ‘नीना’ ही प्रणाली चालवते, गायडिंग ‘पीएचडी२’ करते आणि मी पुण्यातून मिनी पीसीचा पडदा पाहत असतो.

तिथेच जाऊन का बसत नाही, असेही विचारले जाते. वस्तीच्या तिन्ही बाजूंना ऊस आहे आणि जुन्नर तालुक्यातला बिबट्या उसाच्या फडातच राहतो, तिथेच पिल्ले वाढवतो. माणिकडोहचे बिबट्या निवारण केंद्र याच तालुक्यात आहे. अंधार पडल्यावर परसात एकट्याने उभे राहायचे नाही हा आमच्या घरातला नियम आहे आणि तो मी पाळतो. लांबून दुर्बीण चालवण्याचे या मुलखाला तसे नवल नाही. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, मैलोगणती पसरलेल्या आहेत आणि त्या एकाच नियंत्रणकक्षातून फिरवल्या जातात.

बिघाडाची पहिली बातमी बहुतेक वेळा छायाचित्रच देते. चौकटभर सगळे तारे एकाच दिशेने लांबट झाले असतील, तर दोष माउंटच्या चालीत किंवा गायडिंगमध्ये असतो. मधले तारे गोल आणि कोपऱ्यांतले ताणलेले असतील, तर कॅमेरा किंचित तिरका बसला आहे, किंवा भिंगापासूनचे त्याचे अंतर चुकले आहे असे समजावे. ताऱ्यांभोवती हळूहळू धूसर वलय वाढू लागले आणि मंद तारे एकेक करून नाहीसे झाले, तर भिंगावर दव बसते आहे. तारा चांगला गोल असून मध्येच एक तुटक रेघ ओढली गेली असेल, तर एखादी केबल कुठे तरी अडकून सुटली आहे. हे सगळे मी पुण्यात बसून ओळखू शकतो. पडवीतल्या सुरक्षा कॅमेऱ्याचाही मला आधार वाटायचा. परंतु त्याचे अवरक्त दिवे आपल्या डोळ्यांना दिसत नसले तरी माझ्या कॅमेऱ्याला दिसतात, असे लक्षात आल्यापासून तो मी फक्त गरज पडली तरच लांबून चालू करतो.

डिसेंबरातल्या बिघाडात छायाचित्राचा काही उपयोग नव्हता, कारण छायाचित्रच येत नव्हते. शृंगाश्व तारकासमूहातल्या रोझेट तेजोमेघाचे काम चालू होते. १२ डिसेंबरच्या पहाटे एकाच वेळी कॅमेरा आणि माउंट दोघांचाही संगणकाशी संपर्क तुटला. संगणक स्वतः जिवंत होता. मी सगळे पुन्हा जोडले, काम पुढे सुरू झाले आणि मी झोपलो. पुढची रात्र व्यवस्थित गेली. १४ तारखेला पुन्हा तेच झाले, १७ तारखेला पुन्हा तेच, आणि मधल्या रात्री मात्र निर्विघ्न.

पहिला संशय वीजपुरवठ्यावर गेला आणि त्याला सबळ कारण होते. आमच्याकडे शेतीची थ्री फेज वीज आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री असते. नानांना विचारले, तेव्हा त्या तिन्ही रात्री शेजारच्या उसाला पाणी चालू होते असे निघाले. पंप सुरू झाला, घरातली वीज क्षणभर दबली आणि यंत्रे बंद पडली, अशी सरळ गोष्ट मी मनाशी जुळवून टाकली. ती इतकी सरळ होती, की मी पडवीतल्या यूपीएसची बॅटरी नवी घ्यायला निघालो होतो.

त्याआधी नोंदी उघडल्या हे बरे झाले. संपर्क तुटल्याच्या वेळा होत्या १ वाजून ४८ मिनिटे, १ वाजून ४० मिनिटे आणि १ वाजून २८ मिनिटे. पहिल्या दोन वेळांत दोन दिवसांना ८ मिनिटे कमी एवढे अंतर होते. पुढच्या दोन वेळांत तीन दिवसांना १२ मिनिटे कमी एवढे. म्हणजे बिघाड दररोज चार मिनिटे अलीकडे सरकत होता. ज्याने काही वर्षे आकाश पाहिले आहे, त्याला हे चार मिनिटांचे माप ओळखीचे असते. पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातली एक फेरी २३ तास ५६ मिनिटे आणि ४ सेकंदांत पूर्ण होते, म्हणून कोणताही तारा रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो. पंप घड्याळाच्या वेळेवर चालतो; तो ताऱ्यांप्रमाणे रोज अलीकडे सरकणार नाही. बिघाड आकाशाच्या वेळापत्रकाने होत असेल, तर त्याचा संबंध दुर्बीण कुठे वळली आहे याच्याशी असला पाहिजे.

त्या वेळी दुर्बीण काय करत होती, हे मग लगेच सापडले. लक्ष्य याम्योत्तर वृत्त, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडून पश्चिमेकडे गेले, की आमच्या प्रकारच्या माउंटला दुर्बीण उलटी करून दुसऱ्या बाजूने पुन्हा त्याच लक्ष्यावर न्यावी लागते, नाहीतर कॅमेरा खांबाला जाऊन धडकेल. याला मेरिडियन फ्लिप म्हणतात. रोझेटचा फ्लिप बरोबर त्याच मिनिटांना होत होता. आता संशय केबलवर गेला: दुर्बीण उलटताना एखादी केबल ताणली जाऊन निसटत असणार. सकाळी नानांनी प्रत्येक जोड हलवून पाहिला, मी इथून दुर्बीण उलटसुलट फिरवली, केबल कुठेही अडकली नाही आणि संपर्कही तुटला नाही. शिवाय केबल दोषी असती, तर मधल्या रात्रीही फ्लिप झाला होता. तेव्हा ती गप्प का बसली?

म्हणून विजेकडे पुन्हा वळलो, पण या वेळी घरातल्या नव्हे, खांबापाशी पोहोचणाऱ्या विजेकडे. पडवीतल्या १२ व्होल्टच्या सप्लायपासून खांबापर्यंत १० मीटर वायर आहे. मिनी पीसीला स्वतःची वेगळी वायर आहे, म्हणून तो बंद पडत नव्हता, आणि तो बंद पडत नाही म्हणून मी वीज ठीक आहे असे धरून चाललो होतो. नानांकडे मोटारीसाठी घेतलेला मीटर आहे. त्यांनी कॅमेरा आणि माउंटच्या वायरच्या खांबाकडच्या टोकाला तो लावला आणि फोनवर आकडा सांगितला, “बारा पॉइंट एक दाखवतोय.”

“मग वीज चांगली आहे, नाना. दोष दुसरीकडेच आहे,” मी म्हणालो.

“अरे, पण आत्ता सगळं बंद हाय ना? आम्ही मोटारीचं व्होल्टेज मोटार चालू असताना बघतो. बंद असताना चारशे चाळीस दाखवतंच की. पाणी ओढायला लागली, की खरं काय ते कळतं.”

मी विद्युत अभियांत्रिकी शिकलेला नाही, पण ही गोष्ट मला सुचायला हवी होती. आम्ही तशीच चाचणी केली. नाना मीटरच्या दोन्ही टोचण्या जोडाला धरून बसले आणि मी पुण्यातून एकेक भार वाढवत गेलो. कॅमेऱ्याची शीतक यंत्रणा पूर्ण क्षमतेने सुरू केल्यावर आकडा ११ च्या खाली उतरला. भिंगाभोवतीचे दव घालवणारे हीटर पूर्ण चालू केल्यावर तो १०.१ झाला. मग मी दुर्बीण जलद गतीने फिरवायला लावली आणि नाना म्हणाले, “नऊ पॉइंट सात. गेलं बघ, दिवा गेला.” कॅमेरा आणि माउंट ज्या यूएसबी हबमधून संगणकाला जोडले आहेत, त्याचा दिवा होता तो. इथे माझ्या पडद्यावर त्याच क्षणी तीन रात्री पाहिलेला तोच संदेश उमटला.

मागाहून हिशेब केला, तेव्हा आकडे चोख जुळले. मी लावलेली वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची होती. जायची १० आणि यायची १० अशा २० मीटर तांब्याचा रोध त्या जाडीला सुमारे ०.४६ ओहम भरतो, आणि सव्वापाच अँपिअर वाहू लागले की २.४ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. उसाला दिलेल्या पाण्याचाही संबंध होता, फक्त मी समजलो तो नव्हता. शेजारी पाट वाहू लागला, की मध्यरात्रीनंतर परसातली आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते, निरभ्र आकाशाखाली भिंग भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होऊन दव धरू लागते आणि हीटर आपोआप पूर्ण जोराने चालतात. अशा दमट रात्री नेमक्या फ्लिपच्या वेळी माउंटच्या मोटारी जलद फिरल्या, की तिन्ही भार एकत्र येत. कोरड्या रात्री हीटर जवळजवळ बंद असल्यामुळे फ्लिप निभावून जाई. संध्याकाळी दुर्बीण पहिल्यांदा लक्ष्याकडे वळते, तेव्हा तर शीतक यंत्रणाही सुरू झालेली नसते.

नानांनी नारायणगावातून २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणली आणि एका दुपारी ती बदलून टाकली. तिच्यात पूर्ण भाराला पाऊण व्होल्टपेक्षाही कमी घट होते. जोडलेली सगळी उपकरणे ११ ते १४ व्होल्टमध्ये चालणारी आहेत याची खात्री करून सप्लाय १३ व्होल्टवर नेला, आणि आता पूर्ण भार असताना खांबापाशी १२.३ मिळतात. २४ डिसेंबरच्या पहाटे आर्द्रता ९३ टक्के होती. एक वाजायला आला, तेव्हा मी पडद्यासमोर बसूनच होतो. दुर्बीण उलटली, ‘नीना’ने फ्रेम घेऊन तारे ओळखले, लक्ष्य पुन्हा मधोमध आणले, गायडिंग स्थिरावले आणि पुढचे पाच मिनिटांचे एक्स्पोजर सुरू झाले. ते पूर्ण होऊन चित्र येईपर्यंत मी जागचा हललो नाही.

इतर बिघाड यामानाने लवकर उलगडतात. संगणकाने रात्री स्वतःहून अद्ययावत होऊन पुन्हा सुरू होणे, उंदराने केबलचे आवरण कुरतडणे, पहाटे थंडी वाढल्यावर नळी आकसून फोकस हलणे, हे सगळे एकदा पाहिले की पुढच्या वेळी ओळखू येते. जुन्नरच्या अक्षांशावर ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो आणि नानांच्या आंब्याआड जातो. त्यामुळे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणे हे काम मात्र मी अजूनही तिथे जाऊन, घरच्या माणसांना सोबत घेऊन करतो.

सध्या एक लहानसा दोष उरला आहे. फ्लिपच्या आधी चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातले तारे थोडे ताणलेले दिसतात आणि फ्लिपनंतर खालच्या डाव्या कोपऱ्यातले. कॅमेऱ्यातली संवेदक चकती मुळातच तिरकी असती, तर दुर्बीण उलटल्यावरही चित्रातला तोच कोपरा बिघडलेला राहिला असता. इथे कोपरा बदलतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या वजनाने फोकसरची नळी खालच्या बाजूला किंचित झुकते आहे. संक्रांतीला वस्तीवर जाईन, तेव्हा तिचा स्क्रू आवळून पाहणार आहे. तोपर्यंत बाकी कशालाही हात लावायचा नाही, असे नानांशी ठरले आहे.